आत्याचा गुडघा

मोजणीबाई दिवसातून तीनदा नदीची पातळी वाचायची. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला, गेली एकोणीस वर्षं. मोठ्या पुलाच्या तिसऱ्या खांबावर पांढऱ्या एनॅमलचे पत्रे एकावर एक ठोकलेले होते. प्रत्येक पत्रा एक मीटरचा, असे नऊ. कार्यालयात सगळे त्याला नुसतं ‘पट्टी’ म्हणत. पुलाच्या कठड्याला टेकून, दुर्बीण डोळ्याला लावून ती पट्टीवरचा आकडा वाचायची, वहीत टिपायची, मग कार्यालयात येऊन रजिस्टरमध्ये उतरवायची आणि वरच्या कार्यालयाला फोनवर कळवायची. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नदी मोजत बसणं तिच्या माहेरच्यांना कमीपणाचं वाटलं होतं. तिला कधी वाटलं नाही. मोजणीबाई हे नाव कार्यालयातल्या शिपायानं पाडलं होतं आणि आता तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मंडळाचं पत्र आलं. प्रत्येक मापन कार्यालयानं समाजमाध्यमांवर पेज उघडावं, जनतेशी संवाद वाढवावा आणि दर महिन्याला फॉलोअरची संख्या कळवावी. साहेबांनी पेज उघडलं आणि चालवायला मोजणीबाईकडे दिलं, कारण आकडे ती बरोबर लिहायची. ती रोज तीनदा लिहू लागली, ‘पातळी १.६४ मी.’ सहा महिन्यांनी पेजला अकरा फॉलोअर होते. त्यातले नऊ कार्यालयातले, एक साहेबांच्या सासूबाई आणि एक गाद्या विकणारा.

“आकडे कोण वाचतं, वहिनी?” नणंद म्हणाली. ती शाळेतून निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली होती आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला मार्क देत असे. “एक पूर्णांक चौसष्ट. बरं मग? पुढे काय? पोरं झोपतील अशानं.”

“वन्सं, पातळी आहे ती. तिच्यापुढे काय असणार?”

“कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, कशाला म्हणतंय, काहीतरी हवं की नाही? मी आपली सुचवते. मी कधी काही बोलते का?”

मोजणीबाईचा नवरा या दोघींच्या मध्ये न बोलण्यात तरबेज होता. त्यानं ताट उचललं आणि तो आत गेला.

ते वाक्य मात्र मोजणीबाईच्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीचा फोटो काढून तिनं खाली लिहिलं, ‘काल दिवसभर कुठे होती कोण जाणे. सकाळी आली ती चिखलानं माखून. विचारलं तर तोंड फिरवून खाली निघून गेली. पोटरीपर्यंत पाणी आहे. मी आपली खांबाला टेकून उभी. मी कधी काही बोलते का?’

संध्याकाळपर्यंत चारशे लोकांनी ते वाचलं होतं. कुणीतरी खाली लिहिलं, ‘ही तर आमची आत्या.’ तेव्हापासून पट्टीची पट्टीआत्या झाली.

आता आत्या म्हटल्यावर तिला पोटरी, गुडघा, कंबर, खांदे आले. दुसरी कुणी असती तर तिनं ते मनानं ठरवले असते. मोजणीबाईनं नणंदेला भिंतीशी उभं केलं आणि टेप लावली. नणंद बरोबर दीड मीटर भरली. पट्टी नऊ मीटर, म्हणजे सहापट. नणंदेची पोटरी तीस सेंटीमीटरवर, तर आत्याची एक ऐंशीवर. नणंदेचा गुडघा बेचाळीसवर, आत्याचा दोन बावन्नवर. कंबर ब्याण्णववर, म्हणजे आत्याची पाच बावन्नवर. खांदा सात चव्वेचाळीसवर आला आणि नदीची धोक्याची पातळी सात चाळीस होती. हा योगायोग पाहून मोजणीबाईला फार बरं वाटलं.

“माझी मापं चव्हाट्यावर मांडणार आहेस का?” नणंदेनं विचारलं.

“तुमची नाहीत वन्सं. सहानं गुणलेली आहेत.”

“म्हणजे सहापट चव्हाट्यावर.”

कोष्टक तयार करून तिनं साहेबांना दाखवलं आणि ते पेजवर वर लावावं असं सुचवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला गोष्टींचा नुकताच शोध लागला होता. “बाई, कोष्टक टाकलं की गोष्ट मेली,” तो म्हणाला. “लोकांना आत्या हवी आहे, तिचा एक्स-रे नको.” कोष्टक मोजणीबाईच्या टेबलाच्या काचेखाली गेलं.

दीड वर्षात फॉलोअर एक्केचाळीस हजार झाले. नदी ही आत्याच्या पदरी पडलेली उनाड पोर होती. वेळेवर न येणारी, कुणाकुणाचं काय काय वाहून आणणारी, पाय न धुता वर चढणारी. लोक आत्याला सल्ले विचारत. एकीनं लिहिलं, ‘आत्या, माझ्या सासूबाई तुमच्या कोण लागतात?’ मंडळातल्या सगळ्या कार्यालयांत हे पेज पहिलं आलं. शुक्रवारी साहेब मुख्य कार्यालयात ‘गोष्टीतून लोकसंवाद’ या विषयावर बोलणार होता आणि त्यासाठी त्यानं नवा सदरा शिवून घेतला होता.

नणंदेनं आत्याला ओळखलं की नाही, ते मोजणीबाईला कधी कळलं नाही. ती रोज पोस्ट वाचायची, चष्मा वर करायची आणि म्हणायची, “बरी लिहितेस. बाई मात्र जरा तिरसट दाखवली आहेस.”

मोठ्या पुलापासून प्रवाहाच्या दिशेनं खाली, अर्ध्या किलोमीटरवर, एक बुटका पूल होता. त्याला कठडे नव्हते. नदीच्या या काठाची माणसं त्या काठाला कामावर जाताना त्याच्यावरून जात, कारण मोठ्या पुलावरून गेलं तर पंचवीस मिनिटं जास्त लागत. नदीला जरा पाणी आलं की बुटका पूल बुडायचा, पण घोटा-दोन घोटे पाण्यातून लोक जातच. या वर्षी बरेचजण निघण्याआधी आत्या काय म्हणते ते पाहू लागले. एकानं कमेंट केली होती, ‘आत्या, बुटक्या पुलावरून आलो. तुम्ही म्हणालात तेवढंच पाणी, एक बोटही इकडेतिकडे नाही. मानलं.’ मोजणीबाईनं त्यावर लाल बदाम टाकला होता. नक्की कशाबद्दल आपल्याला शाबासकी मिळते आहे याचा तिनं तेव्हा विचार केला नाही.

बुधवारी दुपारी, बाराचं मापन उतरवून झाल्यावर, पेजवर एक मेसेज आला. पाठवणाऱ्या बाईच्या फोटोच्या जागी शिवणयंत्राचा फोटो होता.

‘आत्या, तुमचा गुडघा जमिनीपासून किती उंच आहे? काल तुम्ही गुडघ्याला पाणी म्हणालात म्हणून आमचे हे बुटक्या पुलावर सायकल घेऊन उतरले. सायकल गेली. हे खालच्या दगडांना अडकले म्हणून सापडले. हात खांद्यापाशी मोडला आहे. कळवावे.’

मोजणीबाईनं मेसेज दोनदा वाचला. मग तिनं कालची सकाळची पोस्ट काढली. पातळी दोन बावन्न. ‘आज बरोबर गुडघ्याला. आधीच गुडघा दुखतो, त्यात ही.’

बुटक्या पुलाचा माथा तिच्या पट्टीवर एक सत्तरला येतो, हे तिला पाठ होतं. पट्टीचं शून्य समुद्रसपाटीवरून धरलेलं आहे आणि ते नदीच्या तळाच्याही खाली आहे, हेही पाठ होतं. आत्याचा गुडघा दोन बावन्नला, हे तर तिनं स्वतःच काढलेलं. हे तिन्ही आकडे इतके दिवस एकाच डोक्यात राहत होते आणि एकमेकांना कधी भेटले नव्हते.

तिनं आलेखाचा कागद घेतला. आडव्या रेघेवर पट्टीची पातळी मांडली. उभ्या रेघेवर दोन गोष्टी मांडल्या. एक, आत्याचं बोलणं ऐकून साधा माणूस पाणी किती समजेल ते. दुसरी, बुटक्या पुलावर खरंच किती पाणी असेल ते. दोन सरळ रेषा आल्या. पातळी दोन मीटर चार सेंटीमीटर असताना त्या एकमेकींना छेदत होत्या. गेले तीन आठवडे नदी त्याच्याच आसपास घुटमळत होती. तेवढे दिवस आत्याची पोटरी आणि रस्त्यावरच्या माणसाची पोटरी एकच होती, म्हणून लोकांनी मानलं. त्याच्या पुढे रेषा फाकत गेल्या होत्या. काल आत्यानं बेचाळीस सेंटीमीटर सांगितले होते आणि पुलावर ब्याऐंशी होते. पुलाच्या मधल्या खचलेल्या भागात तर मीटरभर. वाहत्या पाण्यात तेवढं माणसाला उचलायला पुरतं.

ती कागद घेऊन साहेबाकडे गेली. साहेबानं आधी मेसेज वाचला.

“जिवावरचं हातावर निभावलं ना?”

“हो.”

“मग आत्याकडून दोन शब्द लिहा. लवकर बरे व्हा वगैरे. नको, थांबा. लिहू नका. लिहिलं की आपण मान्य केल्यासारखं होतं. मेसेज काढून टाका.”

“साहेब, आपलं माप चुकीचं गेलंय.”

“पातळी चुकली होती का?”

“नाही. पातळी बरोबर होती.”

“मग झालं तर. आपण पातळी मोजतो. लोकांचे गुडघे आपल्या अखत्यारीत नाहीत.” मग तिच्या हातातल्या कागदाकडे पाहून जरा नरमाईनं, “शुक्रवार होऊ द्या, बाई. तोवर आत्याला म्हणायला लावा, सांभाळून राहा रे बाळांनो.”

“सांभाळून म्हणजे किती सेंटीमीटर?”

साहेबानं पाण्याचा पेला उचलला आणि सगळा पिऊन टाकला. तिनं मेसेज काढला नाही. शिवणयंत्रवाल्या बाईला तिनं पत्ता विचारला आणि तीन वाजता अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली.

दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. आत कॉटवर नवरा बसला होता, उजवा हात छातीशी बांधलेला. तो घरांमध्ये टाइल्स बसवायचा आणि आजूबाजूचे त्याला मिस्त्री म्हणत. शिंपीणबाईनं मोजणीबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आत्या तुम्हीच का? मला वाटलं, चांगल्या दणकट असाल.”

“मी पातळी लिहिते.”

“हो का? मग लिहिताना बरं तोंड चालतं. इथे तर आवाजही फुटत नाही.” तिनं खुर्ची पुढे सरकवली. “बसा. आता आलाच आहात तर बसा. यांचं म्हणणं ऐकून जा, मी सकाळपासून ऐकतेच आहे.”

मोजणीबाईनं पिशवीतून कागद काढला. तिला दुसरं काही सुचलं नाही. मिस्त्रीनं तो डाव्या हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि बराच वेळ पाहिला. त्यानं रागानं काही म्हणावं अशी तिची तयारी होती.

“ही रेघ तुमची. ही पुलाची,” तो म्हणाला. “इथवर ठीक आहे. मग ही अशी वर गेली.”

“हो.”

“शून्य कुठलं धरलंत?”

एकोणीस वर्षांत हा प्रश्न तिला कार्यालयाबाहेरच्या कुणी विचारला नव्हता. तिनं सांगितलं, समुद्रसपाटीपासून, नदीच्या तळाच्या खाली, साठ वर्षांपूर्वी ठरवलेलं.

“बघा ताई,” मिस्त्री म्हणाला, “मी कुणाच्या घरात गेलो की आधी पाणसळ लावतो आणि चारी भिंतींवर लेव्हलची रेघ मारतो. मग सगळी मापं त्या रेघेपासून. ओटा रेघेखाली दहा, उंबरा रेघेखाली नव्वद. रेघ न दाखवता मी नुसतं ‘दहा’ म्हणालो तर माझा हाताखालचा माणूससुद्धा हसेल. कशापासून दहा? तुम्ही लोकांना गुडघा सांगितलात. तो कशापासून, ते कुठे लिहिलंय?”

“टेबलाच्या काचेखाली,” मोजणीबाई म्हणाली.

शिंपीणबाई हसली. हसणं चांगलं नव्हतं, पण हसली खरी. “आणि हे शहाणे,” ती म्हणाली, “लेव्हल कळते म्हणून मिरवणारे. समोर गढूळ पाणी दिसत असताना फोनमध्ये बघून उतरले.”

“तीन आठवडे बरोबर निघालं होतं,” मिस्त्री शांतपणे म्हणाला. “बरोबर निघत गेलं की माणूस तपासायचं सोडतो. मीही सोडलं.”

कागद त्यानं परत दिला नाही, उशीखाली ठेवला. ती निघाली तेव्हा शिंपीणबाई दारापर्यंत आली आणि म्हणाली, “मला उत्तर नाही दिलंत. किती उंच आहे गुडघा?”

“अडीच मीटर.”

तिनं दाराच्या चौकटीकडे पाहिलं, मग चौकटीच्या वर, छताकडे.

मोजणीबाई पाचच्या आधीच कार्यालयात परतली. टेबलावर धरणाकडची सूचना येऊन पडली होती. पहाटे दोन दरवाजे उघडणार. सातच्या सुमाराला पाणी इथे पोचेल, आठला पातळी तीन मीटरच्या जवळ, दुपारी साडेचार मीटर. तिनं आलेखावर बोट ठेवावं तसं मनातल्या मनात ठेवलं. उद्या सकाळी आठला आत्याच्या हिशेबानं पाणी गुडघ्याच्या जेमतेम वर असणार होतं. बुटक्या पुलावर सव्वा मीटर. आणि आठ हीच लोकांची कामावर जायची वेळ.

एक्केचाळीस हजार लोकांना आता तिचा शब्द पटत होता. अडचण नेमकी तीच होती. साधी सूचना लिहिली तर ती अकराच माणसं वाचतील, गाद्यावाल्यासकट. आत्याच्या तोंडून ‘सांभाळा’ म्हटलं तर लोक हसतील, बदाम टाकतील आणि गुडघाभर म्हणून उतरतील.

तिनं घरी फोन लावला. “वन्सं, कार्यालयात येता का? आत्ता. आणि साधी चप्पल घाला, उंच टाचेची नको.”

“का गं? परत मोजणार आहेस?”

“हो.”

नणंद आली. सगळं ऐकून घेतलं, खुर्चीत बसली आणि चष्मा पुसला. “म्हणजे इतके दिवस माझं बोलणं खपवलंस,” ती म्हणाली, “आणि आता मला उभी करणार.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. माझी नक्कल कुठल्या बाकावर चाललीय ते मला पाठमोरी असताना कळायचं.” तिनं चष्मा घातला. “तिरसट दाखवली आहेस, हे मी तुला सांगितलं होतं. दुरुस्त केलं नाहीस.”

मोजणीबाईनं भिंतीवर टेप चिकटवली, खुर्चीवर चढून दोन बावन्नला खडूनं आडवी रेघ ओढली, खाली उतरली आणि फोन धरला. नणंद भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काय म्हणायचं ते मोजणीबाईनं कागदावर लिहून दिलं होतं. नणंदेनं तो वाचला, त्याची घडी घातली आणि तो बाजूला ठेवला.

“ऐका,” तिनं फोनकडे पाहून सुरुवात केली, मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात. “मी दीड मीटर आहे. पुलावरची पट्टी नऊ मीटर आहे. माझ्यासारख्या सहाजणी एकावर एक उभ्या केल्या तर होते तेवढी. आता ती म्हणते, गुडघ्याला पाणी. तिचा गुडघा कुठे? मागे पाहा. वर. अजून वर. ती रेघ. तो तिचा गुडघा. माझ्या डोक्यावर अजून एक मीटर. काल ती गुडघा म्हणाली तेव्हा बुटक्या पुलावर माझ्या कमरेजवळ पाणी होतं. एक मिस्त्री तिचं ऐकून उतरला आणि हात मोडून घेतला. उद्या धरण सुटणार आहे. सकाळी आठला बुटक्या पुलावर माझ्या खांद्याइतकं पाणी असेल. दुपारी मी माझ्याच डोक्यावर उभी राहिले, तरी वरच्या माझ्या हनुवटीला लागेल. ज्यांना उतरायचं असेल त्यांनी आधी स्वतःच्या डोक्यावर उभं राहून दाखवावं.”

मग ती थांबली, पुढे आली आणि मोजणीबाईच्या हातातला फोन काढून घेतला. “चूक कुणाची, ते मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “ते तुझं तू सांग.” आणि फोन तिच्याकडे वळवून धरला.

मोजणीबाईला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. “मी इथे पातळी मोजते,” ती म्हणाली. “आत्याचं मी लिहिते. माप बरोबर होतं. ते कुठून मोजायचं, ते मी सांगितलं नाही. चूक माझी आहे. उद्यापासून बुटक्या पुलाच्या माथ्यापासून सांगेन.”

सहाचं मापन झालं, दोन सव्वीस. तिनं व्हिडिओ पेजवर टाकला. खाली एकच ओळ लिहिली, ‘बुटक्या पुलावर आत्ता पाणी : ५६ सें.मी. उतरू नये.’

सात वाजायच्या आत साहेबाचा फोन आला.

“बाई, ते काढा.”

“उद्या आठच्या मापनानंतर काढते.”

“परवा मला बोलायचंय तिथे. आणि तुम्ही चूक म्हणालात. कॅमेऱ्यासमोर. मंडळाच्या पेजवर. लेखी मागवतील.”

“देते लेखी.”

“तुम्हाला काय वाटतं, लोक हे गंभीरपणे घेतायत? खाली वाचा. ‘आत्या प्रत्यक्ष फारच बुटकी निघाली.’ नऊशे जणांनी त्यालाच लाइक केलंय.”

“वाचलं.”

“मग?”

“बुटकी निघाली, हे कळलं त्यांना,” मोजणीबाई म्हणाली. “मला तेवढंच हवं होतं.”

सकाळी ती साडेसहालाच पुलावर गेली. सातला पाणी चढायला लागलं, आवाज न करता, मातकट, मध्येच एखादा ओंडका फिरवत. सव्वासातला दोन चौपन्न. दर पंधरा मिनिटांनी ती आकडा लिहीत होती आणि मधल्या वेळात दुर्बीण खाली, बुटक्या पुलाकडे वळवत होती. पूल दिसत नव्हताच. दोन्ही काठांना रस्ता पाण्यात शिरताना दिसत होता, तेवढाच.

या काठाला माणसं येऊन थांबत होती. एक बाई डबा घेऊन आली, थांबली, वळली. दोन पुरुष स्कूटरवर आले, फोन काढला, मागचा हसला, स्कूटर वळवली. आठला दहा मिनिटं कमी असताना एकजण आला, त्यानं चपला काढून हातात घेतल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरला. मोजणीबाईनं दुर्बीण दोन्ही हातांनी धरली. इथून हाक मारून उपयोग नव्हता. तो चार पावलं गेला. पाणी दुमडलेल्या पँटच्या वर चढलं. तो थांबला. काठावर मागून आलेली कुणीतरी बाई हात वर करून आपल्या डोक्यावर, अजून वर, काहीतरी दाखवत होती. त्यानं मागे वळून पाहिलं, क्षणभर तसाच उभा राहिला आणि परत आला. काठावर बसून त्यानं पँट पिळली.

तो पाण्याला घाबरून परतला, की त्या बाईमुळे, की काल पाहिलेलं आठवून, हे कळायला मार्ग नव्हता. मोजणीबाईनं तसा अंदाजही बांधला नाही.

आठला पातळी दोन अठ्ठ्याण्णव होती. तिनं ती कळवली, पेजवर लिहिलं, ‘बुटक्या पुलावर पाणी : १२८ सें.मी.’ आणि साहेबाला फोन लावला.

“आठचं मापन झालं. व्हिडिओ काढू का?”

“पातळी किती?”

“दोन अठ्ठ्याण्णव. चढतीय.”

“फॉलोअर सतराशेनं कमी झालेत,” साहेब म्हणाला.

“हो.”

“राहू द्या दुपारपर्यंत.”

“पाणी उतरेपर्यंत?”

“दुपारपर्यंत म्हणालो, बाई.”

ती कार्यालयात आली आणि रजिस्टर उघडलं. दिनांक, वेळ, पातळी. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात ती एकोणीस वर्षं एकच शब्द लिहीत आली होती, निरंक. आज तिनं लिहिलं, ‘बुटका पूल, ७.१५ ते ८.००. परतले : २३. उतरले : १, परत आला.’ पान भरल्यावर सही घ्यायची असते. दहा वाजता साहेब आला तेव्हा तिनं रजिस्टर त्याच्यापुढे ठेवलं.

साहेबानं शेरा वाचला. “हे इथे कशाला? हे काही मापन नाही.”

“दुसरा रकाना नाही, साहेब.”

त्यानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग सही केली आणि विचारलं, “तेवीस तुम्ही मोजलेत?”

“हो.”

“नक्की?”

“एक सायकलवाला दोनदा आला होता,” मोजणीबाई म्हणाली. “त्याला एकदाच धरलाय.”